स्वच्छ शहर, शुद्ध पाणी

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षे इंदूरचा पहिला क्रमांक आला. पुढे २०२५ मध्ये सुपर स्वच्छ लीगमध्येही शहराला मानाचे स्थान मिळाले. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय घरोघरी लागली, याचा आपल्या सर्वांना सार्थ अभिमान आहे. त्याच इंदुरात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले, कित्येक दगावले, त्यांत तान्हे मूलही होते. मृतांचा खरा आकडा किती, यावर शासन आणि रहिवासी यांचे एकमत झाले नाही. मुख्य जलवाहिनीला गळती होती आणि त्याच जागेवर शौचालय बांधलेले होते, हे नंतर पुढे आले. पाण्याला वास येतो, ही तेथील लोकांची तक्रार मात्र आधीपासूनची होती.

भागीरथपुरा आपल्यापासून लांब, शहराच्या दुसऱ्या भागात. अन्नपूर्णा परिसरातल्या जुन्या मराठी घरांत त्यावर हळहळ व्यक्त झाली आणि पाठोपाठ एक वाक्यही ऐकू आले, "आमच्याकडे आरओ आहे." आमचा आजचा विषय हे वाक्य आहे.

आरओचे यंत्र नीट निगा राखली तर उपयोगाचे आहे, याबद्दल वाद नाही. परंतु दात घासायचे पाणी, कोथिंबीर धुवायचे पाणी, नातवाच्या शाळेतले पाणी, कोपऱ्यावरच्या उसाच्या रसातला बर्फ, यांतले काय आरओतून येते? आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंच्या घरी आरओ आहे का, हे आपण कधी विचारले आहे का? ज्या वसाहतीचे नावच अन्नपूर्णा, तिने तरी एका स्वयंपाकघरापुरता विचार करू नये.

दूषित पाण्याचे आजार आपण "पोट बिघडले", "हवा बदलली", "बाधले" अशा शब्दांत गुंडाळून टाकतो. प्रत्यक्षात प्रत्येक आजाराला स्वतंत्र जंतू आहे आणि प्रत्येक जंतूची येण्याची वेळ वेगळी आहे. पटकी म्हणजे कॉलरा हा व्हिब्रिओ कॉलरी या जिवाणूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात त्याची खात्री करून घेतली. हा काही तासांत, फार तर पाच दिवसांत गाठतो. विषमज्वर म्हणजे टायफॉइडचा साल्मोनेला टायफी साधारण एक ते दोन आठवडे घेतो, कधी त्याहूनही अधिक. आमांश करणारा अमीबा तर जिवाणूही नव्हे, तो एकपेशीय परजीवी आहे आणि काही आठवडे दबा धरून राहू शकतो. काविळीचे विषाणू दोन, हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई. पहिल्याला साधारण महिना लागतो, दुसऱ्याला पाच-सहा आठवडे, क्वचित दोन महिन्यांहून जास्त.

याचा अर्थ समाजबांधवांनी नीट लक्षात घ्यावा. एकाच दिवशी, एकाच नळाचे पाणी प्यालेल्या तीन माणसांपैकी एकाला उद्या जुलाब लागतील, दुसऱ्याला पंधरवड्याने ताप येईल आणि तिसऱ्याचे डोळे दीड महिन्याने पिवळे होतील. तोवर वर्तमानपत्रांतल्या बातम्या थांबलेल्या असतात, पुढाऱ्यांचे दौरे संपलेले असतात आणि काविळीचा त्या पाण्याशी संबंध जोडायला कोणी उरत नाही. जुलाब थांबले म्हणजे साथ संपली, असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दिल्लीने हे फार पूर्वी अनुभवले आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात नाल्याचे पाणी यमुनेतून पाणीपुरवठ्यात शिरले. अधिकाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली, त्यामुळे विषमज्वर आणि आमांश यांची साथ आली नाही. विषाणू मात्र निसटला. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. या विषाणूला पुढे हिपॅटायटिस ई हे नाव मिळाले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार जडला तर शंभरातल्या वीस ते पंचवीस जणींपर्यंत मृत्यू ओढवू शकतो. घरात गर्भवती सून किंवा लेक असेल तर उकळलेल्या पाण्याबाबत हयगय नको, ती याचसाठी.

आपले पाणी जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, नर्मदेतून येते. त्यासाठी १९७० मध्ये इंदूरकरांनी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये नर्मदा शहरात पोहोचली. पाणी शुद्ध होऊनच टंकीत येते. बिघाड होतो तो पुढच्या वाटेवर. आपल्याकडे नळ बहुधा एक दिवसाआड येतो. पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो, आणि तिला फट असेल आणि शेजारी ड्रेनेज झिरपत असेल तर ती घाण आत ओढली जाते. पुढच्या पाळीचे पहिले पाणी गढूळ किंवा वासाचे येते ते अशाने. वाहिनी भागीरथपुऱ्याची असो वा अन्नपूर्णेची, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे.

साथीचा मुकाबला लोकांना सोबत घेऊन कसा करावा, याचा धडा इंदूरने एकदा देशाला दिला आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा रँडसाहेबाच्या सोजिरांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या. त्याचा परिणाम काय झाला, ते प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यानंतर वीसेक वर्षांनी, तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात, नगररचनाकार पॅट्रिक गेडीस इंदुरात आले. तेव्हा इथेही प्लेग होता. उंदरांच्या अंगावरील पिसवा तो पसरवतात, हे तोवर समजले होते. गेडीस यांनी झडत्या घेतल्या नाहीत. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि ती सर्वांत स्वच्छ झालेल्या वस्त्यांतून नेण्याचे ठरवले. मिरवणुकीत प्लेगच्या प्रचंड उंदराची प्रतिमा होती, लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली. मिरवणूक आपल्या गल्लीतून जावी म्हणून लोकांनी घरे आणि आळ्या झाडून काढल्या. या शहराविषयीचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळवण्याची हौस इंदूरकरांत आजची नाही.

ती हौस आता जमिनीखाली उतरली पाहिजे. नगर निगमाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, परिसरातील प्रत्येक टंकीच्या आणि वाहिनीच्या शेवटच्या नळाच्या पाण्याची तपासणी दरमहा व्हावी आणि निकाल तारखेसह झोन कार्यालयाच्या फलकावर लागावा. भारतीय मानक स्पष्ट आहे: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जिवाणू एकही सापडता कामा नये, आणि नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे. दुसरी, जलवाहिनी आणि ड्रेनेज जिथे एकमेकांना छेदतात त्या जागांची यादी आणि दुरुस्तीची मुदत जाहीर व्हावी. तिसरी, कावीळ आणि विषमज्वर यांच्या रुग्णांचे आकडे वॉर्डवार मिळावेत.

आपल्याकडूनही काही व्हायला हवे. सोसायटीची आणि घराची टंकी शेवटी कधी धुतली, हे तिच्यावरच लिहावे. क्लोरीन तपासण्याचे थेंब स्वस्त असतात, पाणी पिवळसर झाले की क्लोरीन आहे असे समजावे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक साधी बाटली प्रचारात आणली. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले तर पाणी दूषित असल्याची शंका घ्यावी. आजारी पडल्यास डॉक्टरांना रक्ताची किंवा शौचाची तपासणी करून जंतूचे नाव विचारावे. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि विषमज्वराचा औषधोपचार अर्धवट सोडला तर जंतू निर्ढावतो. जुलाबांत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत अशाच क्षारसाखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला आचारी ठरवतानाही त्याला अलीकडे विषमज्वर किंवा कावीळ झाली होती का, हे विचारण्यात संकोच नसावा.

आणि पाण्याला वास आला तर आपले यंत्र चालू करून गप्प बसू नये. इंदूर ३११ ॲपवर तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी, शेजारच्या चार घरांनाही नोंदवायला सांगावे. पाचव्या मजल्यावरच्या एका तक्रारीपेक्षा गल्लीतल्या वीस तक्रारींकडे लवकर पाहिले जाते, हा व्यवहार आहे.

जुलै २०२२ मध्ये निवडून आलेल्या नगर निगमाची पाच वर्षांची मुदत २०२७ मध्ये संपते. उमेदवार दारी येतील, चहा घेतील, मराठी समाजाच्या संस्कारांचे कौतुक करतील. चहा अवश्य द्यावा. मात्र तो कोणत्या पक्षाचा आहे हे विचारण्याआधी, आमच्या टंकीचा मागच्या महिन्याचा तपासणी अहवाल कुठे आहे, एवढे त्याला विचारावे.