फळ्यामागचे डबे

धोबीतलावाहून महापालिका मार्गाला लागले की एल्फिन्स्टन हायस्कूलची गॉथिक धाटणीची दगडी इमारत दिसते. इमारत १८७० च्या दशकातली, शाळा मात्र त्याहून बरीच जुनी. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने १८२० च्या दशकात चालवलेली इंग्रजी शाळा हे तिचे मूळ. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये मायदेशी निघाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावे दोन लाखांहून अधिक रुपये जमवले आणि ते प्राध्यापकांच्या नेमणुकांसाठी लावायचे ठरवले. पुढे शाळा आणि प्राध्यापकांचे वर्ग मिळून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन झाले. १८५६ मध्ये त्यातून कॉलेज आणि हायस्कूल वेगळे झाले.

या वर्गांत मराठी, गुजराती आणि पारशी घरांतली मुले एकत्र शिकत. बाळशास्त्री जांभेकरांनी इथे शिकवले. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड इथेच शिकले आणि इथेच मास्तर झाले. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बद्रुद्दीन तय्यबजी हेही याच संस्थेचे विद्यार्थी. हे नुसते शेजारी बसणे नव्हते. विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून चालू लागल्या आणि १८४९ मध्ये या तरुणांनी मुलींच्या शाळा उघडल्या. दादाभाई आणि त्यांचे सोबती घरोघर जाऊन, निदान ओसरीवर तरी मुलींना शिकवू द्या, अशी पालकांची मनधरणी करत. शहराच्या सार्वजनिक जीवनाला एवढी माणसे देणारी शाळा विरळाच.

पण या मिसळीला तळ होता, आणि त्याखालच्या मुलांना आत जागा नव्हती. १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश नाकारल्याबद्दल सरकारकडे अर्ज केला. त्यातून निघालेल्या वादानंतर सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व मान्य झाले. वर्गात मात्र ते तत्त्व फार सावकाश उतरले.

भीमराव आंबेडकर विसाव्या शतकाच्या आरंभी एल्फिन्स्टन हायस्कुलात आले. त्यांचे वडील सुभेदार रामजी यांचे कुटुंब परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहत होते. रात्री भीमरावाच्या उशाशी जाते असे आणि पायथ्याशी बकरी. वडील स्वतः जागे राहून पहाटे दोनला त्याला अभ्यासाला उठवत. शाळा सरकारी, नावाजलेली, शहराच्या मध्यावर. एके दिवशी मास्तरांनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. तो फळ्याला हात लावण्याआधीच मुले ओरडत धावली आणि त्यांनी डबे उचलून बाजूला फेकले. शाळेचा दरवाजा सरकारी हुकुमाने उघडत होता. डबे घरून येत होते आणि घरावर हुकूम चालत नव्हता. शाळेची विविधता मोजायची तर पटावरची नावे पुरत नाहीत, फळ्यामागे काय ठेवले आहे तेही पाहावे लागते. संस्कृत शिकण्याची भीमरावाची इच्छाही इथे अडली आणि त्याला फारसी घ्यावी लागली. ज्या संस्थेतून भांडारकरांसारखा संस्कृतचा पंडित निघाला, तिच्याच हायस्कुलात हे घडावे, ही गोष्ट आजही सलते.

तरीही याच शाळेतून तो १९०७ मध्ये मॅट्रिक झाला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर आधीपासून ओळखत होते. ते दुसऱ्या शाळेतले शिक्षक. अशी एक ओळख मुलाच्या आयुष्यात किती पुरते, हे पुढच्या घडामोडींनी दाखवले: मॅट्रिक झाल्याबद्दल भरलेल्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती दिले आणि पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी महाराज सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले.

याच बोल्यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव संमत करून घेतला. सरकारी पैशाने चाललेल्या सर्व जागा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असे त्यात म्हटले होते, आणि त्या यादीत पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने यांच्या जोडीला शाळाही होत्या.