शाळेचा कारभारी कोण?

बेंगळुरूच्या यशवंतपुरातले आकाशकंदील अजून उतरलेलेही नसतात, तोच घराघरांत पुढच्या जूनची काळजी डोकावू लागते. मुलांना कोणत्या शाळेत घालायचे? फी किती, बस कुठपर्यंत येते, बोर्ड राज्याचे की केंद्राचे, मराठी नाही तर निदान संस्कृत तरी आहे का, अशी सगळी चौकशी होते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही: या शाळेचा कारभार कोणाच्या हातात आहे, आणि वर्गात शिकवणाऱ्याचे त्या कारभारात काही चालते का? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मराठी मुलखात खासगी माध्यमिक शाळा उभ्या राहत होत्या, तेव्हा संस्थापकांनी आधी सोडवला तो हाच प्रश्न. यंदाच्या दिवाळीत तो वाचकांपुढे पुन्हा ठेवावा असे आम्हांला वाटते.

त्या शाळांची आठवण निघाली की आपण त्यागाबद्दल बोलतो. २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि पहिल्या वर्षी चिपळूणकर-टिळकांनी वेतन घेतले नाही, हे आपल्याला पाठ असते. केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन आलेले रघुनाथ परांजपे १९०२ साली ७५ रुपये महिन्यावर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, हेही आपण अभिमानाने सांगतो. हे सारे खरेच आहे. पण त्यागी माणूस थकतो, निवृत्त होतो, कधी रागावून निघूनही जातो. त्यानंतरही शाळा चालते ती नियमावर. न्यू इंग्लिश स्कूलच्या मंडळींनी १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तेव्हा असा नियम लिहून ठेवला गेला. वीस वर्षे सेवा देण्याचे वचन देणारे शिक्षक संस्थेचे आजीव सभासद झाले. देणगीदार आणि नामवंत मंडळी नियामक मंडळात बसली, पण शाळा-कॉलेजचा रोजचा कारभार शिकवणाऱ्यांच्याच हाती राहिला. गणित शिकवणारा मास्तर संस्थेचा जमाखर्चही पाहत असे आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडतही असे. वेतन थोडे होते, पण ते घेणारा कोणाचा नोकर नव्हता. आमच्या मते त्या शाळांचे बळ त्यागापेक्षा या रचनेत अधिक होते.

हा नमुना पुण्यापुरता राहिला नाही. हिंगण्याला कर्व्यांनी १९०७ मध्ये महिला विद्यालय काढले आणि पुढच्याच वर्षी निष्काम कर्म मठ स्थापन केला. आपल्यामागे संस्था चालवणारी वचनबद्ध माणसे हवीत, हा त्यामागचा हेतू. त्या कामात स्त्रियाही होत्या. पार्वतीबाई आठवले कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी निधी गोळा करत थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. १९१६ साली, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या बेळगावात, सात तरुणांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीची पहिली शाळा उघडली. कन्नड मुलूख त्यांना सप्तर्षी म्हणतो आणि आज केएलई हे नाव बेंगळुरूतही घराघरांत ठाऊक आहे. बेळगाव म्हटले की आपल्याला भाषेचा वाद आठवतो. पण शिकवणाऱ्यांनीच शाळा काढायची ही रीत त्या गावात मराठी आणि कन्नड दोन्ही समाजांना आपली वाटली होती.

यावर पहिला आक्षेप असा की हा कारभार खरे तर सरकारचाच होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण आणले आणि १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे, असे सुचवले. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीची शाळा फी, ग्रँट आणि देणगी या तिन्हींच्या आधाराने चाले. ग्रँटसोबत इन्स्पेक्टर येई; हजेरीपट, इमारत, मॅट्रिकचा निकाल सारे तपासले जाई. पण ग्रँट नाकारली की मोकळीक मिळते, असेही नव्हते. विष्णु गोविंद विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणासाठी निघाले होते; १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. तपासणी सहन करूनही निर्णयाचा अधिकार मास्तरांकडे ठेवता येतो, हे अनुदानित शाळांनी दाखवले. तपासणी आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप भांडणांचा. शिक्षकांच्या हाती कारभार दिला की गट पडतात, असे म्हणतात. पडतातच. सभासदांनी बाहेरची कमाई करावी की नाही, वेतन सर्वांना सारखे असावे की नाही, यावर सोसायटीत वर्षानुवर्षे वाद झाला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतल्यावर तो विकोपाला गेला आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. एवढा मोठा संस्थापक गेला, तरी संस्था मोडली नाही, कारण ती कोणा एकाच्या मालकीची नव्हती. शिवाय भांडण कशाचे होते तेही पाहावे. शाळा कोणाच्या मुलाला वारसा म्हणून मिळावी, हा तिथे वादाचा विषयच नव्हता.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो आम्ही मान्य करतो. या शाळा शहरातल्या, मुख्यतः ब्राह्मण वस्तीतल्या होत्या. खेड्यातून आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला नादारी मिळे आणि पोटासाठी माधुकरी किंवा वार लावून जेवण्याची सोय असे. जातीच्या घरांनी चालवलेले ते न दिसणारे वसतिगृहच होते. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला शहरात असे वार लावायला घरे कुठून मिळणार? त्याच्यासाठी शाळेचे दार उघडून भागणारे नव्हते, भाकरीची सोय आधी हवी होती. शाहू महाराजांनी हे ओळखले. म्हणूनच कोल्हापुरात १९०१ चे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०८ चे मिस क्लार्क बोर्डिंग अशी एकामागून एक वसतिगृहे निघाली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये साताऱ्याचे वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. रयतेचे पहिले हायस्कूल निघाले ते त्यानंतर, १९४० साली. आधी वसतिगृह आणि मग हायस्कूल, हा क्रमच पुण्याच्या नमुन्यातली उणीव दाखवतो. मात्र त्यामुळे मूळ मुद्दा खोटा ठरत नाही, पुरा होतो: शाळा कोण चालवतो याइतकेच ती कोणापर्यंत पोहोचते हेही महत्त्वाचे.

उरतो चौथा आक्षेप, आजचा: एवढ्या कमी पगारावर राबवून घेणे हे शोषण नव्हे का? जिथे कमी पगार आहे आणि बोलण्याचा अधिकार नाही, तिथे ते शोषणच. त्या काळच्या आजीव सभासदाने कमी वेतन स्वतः ठरावात मांडून घेतले होते. आज अनेक विनाअनुदानित शाळांत पगार तेवढा जुन्या वळणाचा उरला आहे आणि अधिकार संस्थाचालकाच्या घरात गेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या, त्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असे सांगितले. पण विनाअनुदानित शाळांना त्यातून वगळले. म्हणजे आपण जिथे सर्वांत जास्त फी मोजतो, तिथेच आपल्याला आणि शिक्षकाला विचारण्याचे बंधन सर्वांत कमी आहे.

आजीव सभासदांची ती पद्धत आज जशीच्या तशी आणता येणार नाही, आणावीही असे नाही. शिक्षकाला पुरेसा पगार मिळालाच पाहिजे. पण पगाराबरोबर कारभारात जागाही मिळावी, हिशेब उघडा असावा आणि गरिबाच्या मुलासाठी जेवणाखाण्याची सोय शाळेच्या खर्चातच धरलेली असावी, एवढे तरी आपण मागू शकतो. बेंगळुरूतल्या मराठी माणसाकडे शाळा काढण्याएवढे बळ कदाचित नसेल, पण प्रश्न विचारण्याएवढे नक्कीच आहे. येत्या काही आठवड्यांत प्रवेशअर्ज भरताना फीचा तक्ता जरूर पाहा. सोबत एवढे विचारा, की आपल्या नियामक मंडळात शिकवणारे किती आहेत? उत्तर लगेच मिळाले नाही, तर पुन्हा विचारा.