बीटी ‘फेल’ झाली, पण कोणत्या बोंडअळीपुढे?

ऑक्टोबर उजाडला की गावोगावी ‘बीटी फेल गेली’ ही चर्चा सुरू होते. ती अर्धीच खरी आहे. बीजी-2 कपाशीत हिरवी (अमेरिकन) बोंडअळी आजही क्वचितच नुकसानीच्या पातळीपर्यंत जाते. हाताबाहेर गेली ती गुलाबी बोंडअळी, म्हणजे आपली शेंदरी.

असे का झाले? हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो असे काहीही खाते. त्या पिकांवर बीटीचे विष नसते, त्यामुळे तिथे वाढलेले पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतात आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्यासाठी बिगर-बीटी कपाशीच्या ओळी हाच एक उपाय होता, आणि 120 ग्रॅमचे ते रेफ्युजीचे पाकीट बहुतेकांनी बाजूला टाकले. त्यात फरदड घेऊन आपण तिला उन्हाळ्यापर्यंत पोसले. परिणाम 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्याने पाहिला.

नुकसानही वेगळे. हिरवी अळी बोंडाला मोठे छिद्र पाडते, अर्धे अंग बाहेर ठेवून खाते, विष्ठा बाहेर दिसते. गुलाबी अंड्यातून निघताच फुलात, बोंडात शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. झाड हिरवेगार, बोंडे टपोरी, आत सरकी पोखरलेली. म्हणून ‘अळी दिसली की फवारू’ हा हिशेब इथे चुकतो. दिसेपर्यंत औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

मग पाहायचे काय? गुलाबासारखी मिटलेली फुले, म्हणजे डोमकळ्या, दिसताच अळीसह तोडून नष्ट करा. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. शेतात फिरून वीस हिरवी बोंडे फोडा. दोनमध्ये अळी निघाली तरी तोच निर्णय. सिंथेटिक पायरेथ्रॉइड लवकर वापरू नका, पांढरी माशी भडकते. दोन-तीन औषधे एकत्र करून तर मुळीच मारू नका. त्याच 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले.

कृषी सहायकांना एक विनंती: तक्रार आली की आधी बोंड फोडून अळी ओळखा, मगच शिफारस लिहा. आणि तुम्ही, भाव चांगला असला तरी डिसेंबरअखेर कपाशी काढा. पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचू नका, त्यातच पुढच्या हंगामाची अळी झोपलेली असते.