थीम पार्कमध्ये स्कूटर घ्यायची लाज कसली?

मार्च-एप्रिल आला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी होते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, व्हिसा झालेला, तिकिटं काढलेली. आई-बाबांना चार-पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून हव्या असतात. चिठ्ठी हातात पडली की खुर्चीवरून उठता उठता एक प्रश्न येतो, "डॉक्टर, मुलं ऑरलँडोला डिस्ने दाखवायला नेणार आहेत. जमेल ना आम्हाला?"

बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. "न जमायला काय झालं? आतापासून चालायची सवय ठेवा." हे उत्तर अपुरं होतं, आणि ते मला एका पेशंटनेच शिकवलं.

या बाई निवृत्त शिक्षिका. दोन्ही गुडघ्यांची झीज, थोडं वजन, मधुमेह गोळ्यांवर. परत आल्यावर मी सहज विचारलं, "काय, डिस्ने पाहिलं का?" त्या म्हणाल्या, "बाक पाहिला." पहिल्या दिवशी दुपारी बारापर्यंत कसंबसं चालल्या. मग एका बाकावर बसल्या ते रात्रीची आतषबाजी होईपर्यंत. सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या. नातू मधूनमधून येऊन आपण काय काय केलं ते सांगून जायचा. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय असं सांगून त्या हॉटेलातच थांबल्या. गुडघ्याची सूज उतरायला पुढे दोन आठवडे लागले.

मुलाने स्कूटर भाड्याने घेऊ म्हटलं होतं. बाईंनी दोन कारणं देऊन नाही म्हटलं. पहिलं, "मी काय अपंग आहे का?" दुसरं, "आमच्या डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय." हे दुसरं कारण ऐकून मी गप्प झालो.

आधी स्कूटर म्हणजे काय ते सांगतो, कारण काही जणांच्या डोळ्यांसमोर ॲक्टिव्हा येते. मोबिलिटी स्कूटर ही तीन किंवा चार चाकांची, बॅटरीवर चालणारी खुर्ची. पुढे हँडल, सामान ठेवायला टोपली. हँडलवरची पट्टी दाबली की पुढे जाते, सोडली की थांबते. वेग भरभर चालणाऱ्या माणसाइतका. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांत प्रवेशद्वाराजवळ ती भाड्याने मिळते. तिथली स्कूटर आधी राखून ठेवता येत नाही आणि पार्काबाहेरही नेता येत नाही. बाहेरच्या भाडेकरी कंपन्या मात्र हॉटेलवर आणून देतात. गेटपर्यंत पोचण्यातच तुमचे पाय संपणार असतील, तर हा दुसरा मार्ग बरा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही रोज सकाळी बागेत दोन किलोमीटर चालता. मध्ये टेकता, घरी येऊन चहा घेता. हे उत्तम आहे, सोडू नका. पण थीम पार्कमधल्या एका दिवसात दहा-बारा किलोमीटर सहज होतात, तेही सिमेंटवर, उन्हात. एकट्या एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. त्याची एक फेरी म्हणजे जवळपास दोन किलोमीटर. तुमची रोजची बाग तिथेच संपली. शिवाय रांगा. झिजलेल्या गुडघ्याला आणि कमरेला चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं जास्त छळतं.

झीज झालेला सांधा एका मर्यादेपर्यंत काम निमूट करतो. मर्यादा ओलांडली की आत पाणी धरतो, आणि ते उतरायला दिवस नाही, आठवडे लागतात. मणक्यात नस दबलेल्यांचे पाय उभं राहिलं, चाललं की भरून येतात, आणि बसलं, पुढे वाकलं की मोकळे होतात. त्यांच्यासाठी सोबत चालणारी खुर्ची म्हणजे जवळजवळ औषधच. हृदय कमजोर असलेले, फुफ्फुसांच्या आजाराने दम लागणारे, पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले, यांचंही तसंच. आणि मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल, तर बुटाने फोड आलेला संध्याकाळी मोजा काढेपर्यंत कळत नाही. एका दिवसाच्या हट्टापायी परदेशात पायाची जखम घेऊन बसणं मला परवडणारं वाटत नाही.

"पण बसून राहिलो तर पाय कामातून जातील." एका दिवसात स्नायू वितळत नाहीत हो! लांबचं अंतर स्कूटरवर कापा, ती लावून ठेवा, आणि दुकानांत, दालनांत, खेळाच्या आत पायी फिरा. चालण्याची ताकद जिथे आनंद आहे तिथे खर्च करा.

खरी अडचण गुडघ्यात नसते, "लोक काय म्हणतील" यात असते. पण मला सांगा, रायगडावर रोपवेने गेलेल्या आजोबांना कोणी विचारतं का, की तुम्ही महाराजांचं दर्शन फुकट लाटलंत? सप्तशृंगी गडावर ट्रॉलीने गेलेल्या आजींची भक्ती कमी पडते का? मग इथेच मान का खाली जावी? स्कूटरवरून उठून चार पावलं चाललात तर कोणी वळून बघेलही. बघू दे. अजिबात न चालता येणं आणि खूप न चालता येणं यांच्यामध्ये बरीच माणसं राहतात.

"डॉक्टर, सर्टिफिकेट द्या" असंही सांगतात. तिथल्या भाड्याच्या स्कूटरसाठी ते लागत नाही. अमेरिकेत दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा १९९० सालचा आहे, आणि तुम्हाला नेमका कोणता आजार आहे अशी चौकशी तिथे करत नाहीत. मात्र स्कूटर घेतली की रांग चुकते, हा समज काढून टाका. बहुतेक रांगा चाकाची खुर्ची जाईल इतक्या रुंद आहेत, तुम्ही सगळ्यांबरोबरच थांबता, फक्त बसून. काही खेळांसाठी स्कूटरवरून उठून आसनावर किंवा साध्या व्हीलचेअरवर बसावं लागतं. स्वमग्नतेसारख्या कारणांमुळे ज्यांना रांगेत थांबणंच शक्य नाही त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. तिच्या आधीच्या रूपाचा लोकांनी इतका गैरफायदा घेतला, की २०१३ मध्ये ती बदलावी लागली.

सगळ्यांनीच स्कूटर चालवावी असं मात्र मी म्हणणार नाही. नजर अधू असेल, विसरभोळेपणाचा आजार असेल, पार्किन्सन्समुळे हात पटकन हलत नसतील, गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, मान वळत नसेल, तर साधी व्हीलचेअर घ्या आणि मुलाला ढकलू द्या. गर्दीत लहान मुलं अचानक समोर येतात, आणि पट्टी वेळेवर सोडता आली पाहिजे. नातवाला मांडीवर घेऊन फेरी मारायची इच्छा होणारच, पण घेऊ नका. त्याचा हात पट्टीवर पडला तर पुढच्या माणसाची घोट फुटेल. स्कूटर एका वेळी एकाच माणसासाठी असते. उतारावर तिरकी वळवू नका, कलंडते. पहिली दहा मिनिटं मोकळ्या जागी सगळ्यात कमी वेगावर सराव करा.

फ्लोरिडाचा उन्हाळा कोकणातल्या मे महिन्यासारखा, दमट. स्कूटरवर श्रम होत नाहीत म्हणून तहान लक्षात राहत नाही, आणि डोक्यावर ऊन असतंच. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी पाण्याचं प्रमाण इथेच विचारून जावं. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जास्त चालणं झालं, जेवण लांबलं, तर साखर उतरते. खिशात साखर किंवा गोळी-बिस्किट ठेवा. नुकताच लांबचा विमानप्रवास झाला असेल तर बसल्या बसल्या घोटे हलवत राहा, अधूनमधून उतरून चाला.

मुलांनाही एक सांगणं आहे. "आई, तुला झेपणार नाही, स्कूटर घे" असं म्हणाल तर ती नाहीच म्हणेल. "आई, तू आमच्याबरोबर हवीस, रात्रीपर्यंत" असं म्हणून बघा. आणि हे गेटवर, सगळ्यांसमोर नको. आदल्या रात्री हॉटेलात बोला.

त्या बाई यंदा पुन्हा जाणार आहेत. गोळ्यांची चिठ्ठी घेताना त्यांनी विचारलं, "ती स्कूटर रिव्हर्स कशी घेतात हो?"