धाकात नवं काही सुचत नाही

चूक माझी आहे, म्हणून आधी तीच सांगते.

हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात आमचा बचत गट होता. पंधरा-सोळा जणी, त्यातल्या निम्म्या निरक्षर. हिशेब लिहिणारी एकच. वहीत काय लिहिलंय ते बाकीच्यांना वाचता यायचं नाही. ती सांगेल ते खरं. आमच्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीनं यावर तोड काढली. प्रत्येकीला कापडाची छोटी पिशवी शिवून दिली. हप्ता भरला की पिशवीत सोयाबीनचा एक दाणा टाकायचा. वर्षाअखेर दाणे मोजायचे आणि वहीशी ताडून पाहायचे.

बैठकीत तिनं मला हे हौसेनं दाखवलं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "ऑडिटला काय दाणे दाखवू? आधी वही नीट ठेवा." बायका हसल्या. तीही हसली. पिशव्या बंद झाल्या.

त्यानंतर तिनं एकही नवी गोष्ट सुचवली नाही. अहवाल वेळेवर यायचे. आधी मला 'ताई' म्हणायची, आता 'मॅडम' म्हणू लागली. काहीही विचारलं की उत्तर एकच, "तुम्ही म्हणाल तसं." मला वाटलं, काम सुरळीत चाललंय. ते सुरळीत नव्हतं, गप्प झालं होतं. हे समजायला मला फार वेळ लागला.

कार्यालयांतल्या नेतृत्वाचा अभ्यास करणाऱ्या चिनी संशोधकांनी २००० च्या सुमारास एक मांडणी केली. घरातल्या कर्त्या पुरुषासारखं वागणाऱ्या साहेबाच्या नेतृत्वात त्यांना तीन धागे दिसले: धाक, माया आणि सचोटी. पुढे चीन आणि तैवानमध्ये यावर बरेच अभ्यास झाले. बहुतेकांचा कल असा, की धाक जास्त तिथे माणसं बोलत नाहीत आणि नवं काही करून पाहत नाहीत; माया आणि सचोटी असेल तिथे करून पाहतात. हा साहेब आपल्याला परका नाही. घरातला कर्ता, पंचायतीतला पुढारी, कचेरीतला अधिकारी, सगळे एकाच साच्यातले.

पण मायेबद्दलही मला शंका आहे. मायेचा धनी माया काढूनही घेऊ शकतो. 'मी तुम्हाला मुलीसारखं मानतो' म्हणणाऱ्या वरिष्ठापुढे 'साहेब, तुमचं चुकतंय' असं म्हणणं धाकापेक्षाही अवघड जातं, कारण मग ती बाई कृतघ्न ठरते. बायकांना हे घरापासून ठाऊक आहे. बाईला बोलण्याचा हक्क हवा. तो कुणाच्या मायेवर अवलंबून असू नये.

तिसरीही एक वाट आहे आणि ती आपल्याच राज्यात सापडते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे एक अडचण होती. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या सुइणींना तेवढी मोजदाद येत नव्हती. 'या बायकांच्यानं होणार नाही' म्हणून विषय संपवता आला असता. त्यांनी सुइणींना हाताळता येईल असं साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्यांनी बाईला नापास न करता साधन बदललं. हे वाचताना मला माझ्या गटातले सोयाबीनचे दाणे आठवले आणि लाज वाटली.

याच्या उलट अनुभव अंगणवाडी सेविकांचा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले. फोन जुने, सारखे अडकणारे, आणि माहिती भरायचं 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत. रोज ज्यांनी ते वापरायचं, त्यांना आधी कुणी विचारलं होतं? आमच्याकडे हळद काढायच्या आणि शिजवायच्या दिवसांत आया दिवस उगवायच्या आत घर सोडतात. बाळाचं वजन कधी घ्यावं, आईची गाठ कुठे पडेल, हे सेविकेला आणि आशाताईला पाठ असतं. पण वेळापत्रक वरून येतं. सेविकेनं आपल्या अकलेनं वेळ बदलली तर 'नोंद चुकीची' म्हणून बोलणी तिनंच खायची. अशानं बाई शहाणी होते आणि रजिस्टरपुरतं काम करते.

यावर वरिष्ठांना 'गोड बोला' असं शिबिरात शिकवून भागणार नाही. धाकाचं मूळ कामाच्या असुरक्षिततेत आहे. या बायकांना 'मानधन' मिळतं, वेतन नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत हे मान्य व्हायलाही २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. उद्या काम राहील की नाही ही धास्ती असलेली बाई आज चूक करण्याचा धोका का पत्करेल? आणि चुकण्याची मुभा नसेल तर नवं सुचून तरी काय उपयोग? म्हणून वेतनाची लढाई आणि बायकांच्या कल्पकतेची लढाई मी वेगळी मानत नाही.

मात्र सरकारकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आपल्या संघटनांतही उतरंड आहे. शहरातली शिकलेली ताई बोलते, गावातली ऐकते. प्रकल्पाचा अर्ज लिहिणारी ठरवते, राबणारी सही करते. पुरुषी नेतृत्वावर आपण इतकं बोलतो, पण बाई खुर्चीत बसली म्हणून खुर्चीचा गुण जात नाही. मी स्वतः त्याचा पुरावा आहे.

आमच्याकडे आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत. बैठकीत सगळ्यात आधी गावपातळीची कार्यकर्ती बोलेल, समन्वयक शेवटी. कुणी नवं सुचवलं तर 'नाही' म्हणण्याआधी एका गावात महिनाभर करून पाहायचं. आणि फसलं तर त्याची जबाबदारी सुचवणारीची नाही, सगळ्यांची. पहिल्या दोन बैठका बरीच शांतता होती. तिसऱ्या बैठकीत एकजण म्हणाली, "ताई, तुमचा अहवालाचा फॉर्मच चुकीचा हाय." मला राग आला. मग फॉर्म पाहिला. तिचं बरोबर होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या संघटनेत सगळ्यात कमी मानधन घेणाऱ्या बाईनं शेवटची सूचना कधी केली होती, आणि तिचं पुढे काय झालं? पुढच्या बैठकीत एवढंच विचारून पाहा आणि जे उत्तर येईल ते आम्हाला लिहून कळवा.