शिंक आणि शतंजीव

शिंक कोणाच्या आज्ञेंत नसते. तिच्यावर काय बोलावयाचें, हें मात्र आपल्या हातीं असतें. घरांतील लेंकरूं शिंकलें कीं आजी चटकन् "शतंजीव!" म्हणते. चौघांचें बोलणें चाललें असतां कोणी शिंकलें, तर "सत्य आहे" म्हणून बोलणाराच्या शब्दाला साक्ष मिळते. हीच शिंक कोणी उंबरठा ओलांडतांना आली, कीं मुद्रा पालटतात. जाणारा परत येऊन पाटावर टेकतो, पाण्याचा घोट घेतो, आणि सर्वांच्या नजरा शिंकणाराकडे वळतात.

उन्हाळ्यांत नागपुराकडे अजूनही कित्येक घरीं वर्षाचें तिखट होतें. भिवापुरी मिरचीची पूड चाळणाऱ्या सुनेला शिंक न येईल तरच नवल! नेमका त्याच वेळीं दीर परीक्षेस निघालेला असतो, आणि ती बिचारी तोंडांत पदर कोंबून शिंक गिळते. हें गिळणें आम्हांस कोणत्याही अपशकुनाहून अधिक वाईट वाटतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातव्या अध्यायांत शिंकेचा वेग अडविल्यास मान आंखडणें, डोकेदुखी, अर्धशिशी, तोंड वांकडें होणें व इंद्रियांचें दौर्बल्य हे विकार सांगितले आहेत. नाक व तोंड दाबून शिंक अडविल्यानें कानाच्या पडद्यास इजा होऊं शकते, असें आजचे डॉक्टरही बजावतात. धर्मशास्त्राचा आधार हवा असल्यास मनुस्मृतीचा पांचवा अध्याय पाहावा. निजून उठल्यावर, जेवल्यावर, तसेंच शिंकल्यावर आचमन करावें, एवढेंच तेथें आहे. दुसऱ्याच्या परीक्षेविषयीं त्या श्लोकांत अक्षर नाहीं.

आशीर्वादाची चाल मात्र फार जुनी. रोमचा बादशहा तिबेरिअस रथांत बसलेला असतांही शिंकेनंतरच्या अभिवादनाचा आग्रह धरी, अशी वदंता प्लिनीनें नोंदविली आहे. आमच्या मतें याहून मार्मिक गोष्ट पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत आहे. भगवान् बुद्ध प्रवचन करीत असतां शिंकले. भिक्षूंनीं दीर्घायुष्य चिंतून असा कांहीं गलका केला, कीं प्रवचनांत खंड पडला. असें म्हटल्यानें कोणी जगतो किंवा मरतो काय, असें बुद्धांनीं विचारलें व ती चाल बंद केली. पुढें गृहस्थ लोक शिंकलेल्या भिक्षूस दीर्घायुष्य चिंतीत, भिक्षु मुकाट राहत, आणि लोकांस तें लागे. तेव्हां गृहस्थांस मंगल प्रिय असतें हें ओळखून, उलट "चिरंजीव हो" म्हणण्याची मुभा बुद्धांनींच दिली. भोळी समजूत मानली नाहीं, पण समोरच्याची सदिच्छाही झिडकारली नाहीं.

आमच्या घरांतून हें दोन्ही साधणें कठीण नाहीं. वडील मंडळी शिंकली तर धाकट्यानें आशीर्वाद देणें शोभत नाहीं. मुकाट्यानें पाण्याचें भांडें पुढें करावें. समवयस्कांत एवढीही गरज नाहीं, शिंक ऐकूंच आली नाहीं असें वागलें तरी चालतें. परंतु लेंकराला मिळणारा "शतंजीव" सुनेला कां मिळूं नये? सासूबाईंनीं तो मोठ्यानें म्हणावा. दिरानेंही परत पाटावर न टेकतां "वहिनी, पाणी देऊं का?" एवढें विचारावें, आणि परीक्षेची वेळ गांठावी.