अलादिनचे दोन पाठ : व्हिडिओ गेमचीही दप्तरे जपली पाहिजेत

१/ तयार बखरीपेक्षा दप्तरातील कच्चे कागद अभ्यासकाला पुष्कळदा अधिक सांगून जातात. हाच न्याय व्हिडिओ गेमला लावला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. उदाहरण घेऊ १९९३ च्या ‘अलादिन’चे.

२/ डिस्नेचा अ‍ॅनिमेशनपट नोव्हेंबर १९९२ मध्ये प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी त्यावर दोन स्वतंत्र गेम निघाले. दोन्हींत पडदा आडवा सरकतो आणि नायक उड्या मारत पुढे जातो. सेगाच्या यंत्रासाठीचा गेम व्हर्जिनच्या चमूने डेव्हिड पेरी यांच्या नेतृत्वाखाली घडवला. सुपर निन्टेंडोसाठीचा कॅपकॉमने. त्याचे रचनाकार होते शिंजी मिकामी. सेगाच्या अलादिनच्या हाती तलवार आहे. कॅपकॉमचा अलादिन तलवारीविना, शत्रूंच्या डोक्यावर उडी घेऊन लढतो.

३/ यांतील श्रेष्ठ कोणता, हा वाद चाहत्यांत आजही रंगतो. इतिहासाच्या दृष्टीने हे दोन पाठभेद आहेत, आणि पाठभेद दिसला की तो कसा निर्माण झाला हे विचारायचे असते. सेगाच्या गेममधील हालचाली डिस्नेच्या चित्रकारांनी कागदावर हाताने रेखाटल्या व मग त्या संगणकात उतरवल्या गेल्या. त्या चालीतील चित्रपटाचा डौल तिथून आला.

४/ २०१७ मध्ये ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने सेगा आवृत्तीच्या सोर्स कोडचा अभ्यास प्रसिद्ध केला. विक्रीच्या कार्ट्रिजवर खेळताना कधीच न दिसणारे, वगळलेले भाग त्यातून उजेडात आले. काय ठेवले हे गेम दाखवतो. काय गाळले हे दप्तरच सांगते.

५/ मूळ कथेचेही असेच झाले. आंत्वान गालाँ यांनी अलादिनची गोष्ट आपल्या फ्रेंच ‘अरेबियन नाइट्स’मध्ये छापली, पण ती सांगणाऱ्याचे नाव ग्रंथात दिले नाही. हलब (अलेप्पो) शहराच्या हन्ना दियाब यांनी १७०९ मध्ये ती गालाँना पॅरिसमध्ये ऐकवली होती. हे आपल्याला कळते ते गालाँच्या खासगी रोजनिशीमुळे. ती नष्ट झाली असती, तर दियाब यांचे श्रेयही तिच्याबरोबर बुडाले असते.

६/ कोड ही कंपनीची मालमत्ता आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण मालकी म्हणजे नाश करण्याची मुभा नव्हे. खासगी घराण्यांची कागदपत्रेही अटी घालून अभिलेखागारात ठेवली जातातच. कोडही तसाच ठेवता येईल.

७/ याच संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. जिथे गेमच मिळेनासा झाला, तिथे त्याची रेखाटने आणि कोड कोण सांभाळणार? ते घडवणारे पुष्कळ लोक आज हयात आहेत. कागद मागायचे, आठवणी नोंदवून घ्यायच्या, तर हीच वेळ आहे.